शेंदवाडीच्या खाणीतला चौथा सुरुंग

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी नावं ठेवायला नको. पालीला भितो, वरिष्ठांना भितो आणि स्वतःच्या सहीला सगळ्यात जास्त भितो. तरीही शेंदवाडीच्या दगडखाणीच्या परवान्यावर मीच सही ठोकली होती. जागेवर न जाता, खनिकर्म कचेरीत बसून.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. उस्मानाबादहून फायली पोत्यांत भरून आल्या होत्या, कपाटं अजून यायची होती. शेंदवाडीच्या फायलीत एक जुना नकाशा होता. त्यात खाणीच्या आसपास ना घर, ना विहीर. मी नकाशा पाहिला, 'सर्व अटींचे पालन होत आहे' असं लिहिलं आणि चहाला गेलो. सहा महिन्यांनी वरून हुकूम आला की सगळ्या खाणींची जागेवर जाऊन फेरतपासणी करा. दोनशे मीटरच्या आत वस्ती किंवा पाणवठा असेल तर परवाना रद्द.

निलंग्याहून एसटीनं फाट्यावर उतरलो आणि तिथून पायी निघालो. सलग दुसरं वर्ष पाऊस नव्हता, रानात हिरवं म्हणून काही दिसत नव्हतं. खाणीचा मुकादम महादेवप्पा वाट बघतच होता. त्यानं टेपचं एक टोक धरलं, दुसरं घेऊन मी चालू लागलो. नव्वद मीटरवर विहीर आली.

"ही कधीची?" मी विचारलं.

"बहात्तरच्या दुष्काळातली, साहेब. सरकारी कामावर खोदलेली. तुमच्या नकाशात न्हाई का?"

नकाशा त्याच्याही आधीचा होता. नोकरी गेली, एवढंच मला तेव्हा कळलं.

काठावर दहा-बारा बायका घागरी मांडून बसल्या होत्या. त्यांची म्होरकी धुरपताबाई, मांडीवर वर्षाची नात. शेजारी तिची सून तारामती, पदर खोचून तयार. मी आत वाकून पाहिलं. पाणी असं नव्हतंच. तळाला एका कपारीतून झरा पाझरत होता, खाली उतरून वाटीनं घागर भरायची. विहिरीच्या दगडी बांधकामाला वरपासून खालपर्यंत भेग पडली होती. माझा पंजा आरामात आत गेला.

तेवढ्यात खाणीवर शिट्टी वाजली. लाल फडकं वर गेलं आणि मजूर जीव घेऊन पळत सुटले. मीही पळणार होतो. पण तारामती घागर घेऊन विहिरीत उतरू लागली.

"मावशी, अहो, सुरुंग उडणार आहे! तिला वर बोलवा!"

"म्हून तर उतरायलीय," धुरपताबाई शांतपणे म्हणाली. "सुरुंग उडाला की झरा फुटतो, साहेब. पयली घागर झटक्यात भरती. शिट्टी झाली की नंबरवाली खाली जाती. आज आमचा नंबर हाय."

म्हणजे जी शिट्टी ऐकून माणसांनी दूर पळायचं, त्या शिट्टीवर या बायका रोज त्या भेगाळलेल्या विहिरीत माणूस उतरवत होत्या. माझ्या सहीनं. मी महादेवप्पाला ओरडून सांगितलं, थांबव. तो म्हणाला, "चारी वाती पेटल्या, साहेब. आता इझवायला कोन जातंय?"

खाली उतरायची माझी छाती झाली नाही. मी काठावर पालथा पडलो आणि तोंडाला येईल ते ओरडलो, "अगं तारामती, पोरगी दगडावर पडली! रक्त आलंय!"

घागर तिथंच टाकून ती माकडासारखी वर आली. तिनं पोरीला ओढून घेतलं, डोकं चाचपलं, आणि माझ्याकडं असं पाहिलं की थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. एवढ्यात पहिला सुरुंग उडाला. मग दुसरा. तिसऱ्याला पायाखालची जमीन हलली, विहिरीची भेगेकडची बाजू धडाधड आत कोसळली आणि झरा दगडांखाली बुजला. तारामती तिथं असती!

चौथा उडालाच नाही.

"वात आत अडकली असंल," महादेवप्पा दबक्या आवाजात म्हणाला. "कवा बी उडंल. अर्धा घंटा तिकडं कुनी फिरकायचं न्हाई."

पण बायकांचं लक्ष खाणीकडं गेलं होतं. फुटलेल्या खडकातून सुतासारखी बारीक पाण्याची धार लागली होती. विहिरीचा झरा तिकडं वळला होता. तारामतीनं पोर सासूकडं दिलं आणि शेजारणीची घागर उचलली. मी तिची वाट अडवली.

"जाऊ नकोस गं! एक सुरुंग बाकी आहे!"

"मगाशी बी खोटंच बोल्लात," ती म्हणाली आणि मला ढकलून गेली. मुकादमाचं तर बायका कधीच ऐकत नव्हत्या.

धारेपासून चौथ्या सुरुंगाचं भोक दोन हातांवर होतं. तिकडं पाठ करून ती घागर लावून बसली. मी हाका मारून घसा फोडला. तिनं मान वळवली नाही. घागर भरायला वीस मिनिटं लागली. मी सगळा वेळ घड्याळाकडं बघत होतो, कारण तिच्याकडं बघवत नव्हतं.

भरली घागर डोक्यावर घेऊन तारामती वर आली. मला रडू फुटलं, सगळ्यांदेखत, लहान पोरासारखं. धुरपताबाईनं सुनेच्या डोक्यावरची घागर उतरवून घेतली, नातीला दोन घोट पाजले आणि मागं वळून विचारलं, "पुढचा नंबर कोनाचा गं?"