वूफरची वायर

माझ्याकडे एक वही आहे. जुन्या भजनांच्या पखवाजाला म्युझिक सिस्टीमचा बेस सहावर लागतो, लावणीच्या ढोलकीला तीनवर आणि नव्या सिनेगीतांना शून्यावरसुद्धा जास्त होतो, असे आकडे तिच्यात आहेत. सातारा सोडून सांगलीला मुलाच्या, मुकुलच्या, फ्लॅटमध्ये आल्यावर हे आकडे मी वाढवतच गेलो. शेवटी दहावरही पखवाज ऐकू येईना.

"वय झालं आता," माझी बायको शरयू म्हणाली. मला लगेच पटलं. स्वतःबद्दलचं वाईट मला नेहमीच लगेच पटतं. मिरजेच्या डॉक्टरांनी कान ठीक असल्याचं सांगितलं, तेव्हा मी त्यांच्यावरच संशय घेतला.

काल सोफा सरकवला, तर मागे वूफरची, म्हणजे बेसच्या स्पीकरची, वायर काढलेली दिसली. टोकाला नीट चिकटपट्टी गुंडाळली होती.

"मुकुलनं काढली का गं?"

"मी काढली," शरयू मेथी निवडत म्हणाली. "खालच्यांचं तान्हं बाळ दचकायचं. त्याची आई दोनदा सांगून गेली."

"मग मला सांगायचंस. बेस कमी केला असता."

"तुम्ही? तुम्ही गाणीच बंद केली असती. वर चार दिवस अबोला."

तेही खरं असेल. पण मिरजेला कानाला यंत्र लावून, आवाज आला की मी बोट वर करत होतो, तेव्हा ही समोर बसून प्रत्येक बोटाला मान हलवत होती.

"लावून देऊ का परत?" तिनं विचारलं.

"राहू दे," मी म्हणालो. "बाळ झोपलं असेल."