नाव घातलेली गाडी

विरेशने चौथं लिंबू चाकाखाली सरकवलं आणि गुडघे झटकत तो उठला. नव्या गाडीवर लाल कापड टाकलं होतं. आत काय दडलंय ते शोरूममधल्या सगळ्यांना पाठ होतं, तरी जो तो पाळण्यातलं बाळ बघायला आल्यासारखा त्या कापडाभोवती घुटमळत होता.

"ईश्वरप्पांना फोन केलास का?" मालकांनी, अनिलकुमार शेठनी, काउंटरवरून विचारलं. "त्यांची जुनी गाडी दारात नको म्हणावं. नवीन गिऱ्हाईक तिच्याकडं बघून काहीबाही विचारत बसतं."

"करतो की," विरेश म्हणाला आणि फोन खिशात टाकला.

या शोरूमची पहिली विजेवरची गाडी ईश्वरप्पांनी घेतली होती. इथल्याच शुक्रवार पेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान. पातेलं घ्यावं तशी त्यांनी बोटाच्या पेरानं बॉनेटवर टिचकी मारली, मान कलती करून नाद ऐकला आणि विरेशकडे बघितलं. विरेश तेव्हा नोकरीत नवा होता, आणि नव्या माणसाला असतो तेवढा त्याला जोर होता. "काका, पुढं मोठी बॅटरी आली की हिच्यातच बसवून देऊ. माझा शब्द." त्या शब्दावर ईश्वरप्पांनी गाडी घेतली आणि ईश्वरप्पांच्या शब्दावर निम्म्या पेठेनं. तेव्हापासून नवं मॉडेल आलं की नारळ त्यांच्याच हातानं फुटायचा. हात चांगला, असं शेठ म्हणायचे.

आणि मॉडेलं तरी किती भराभर यायची. एकाची माहिती तोंडात बसेस्तोवर दुसरं दारात उभं. आजचं तर खरोखर चांगलं होतं, वाईट होतं ते तेवढंच. इथून एका दमात पुणं गाठून वर थोडी बॅटरी उरवणारं. ईश्वरप्पांच्या गाडीला आताशा वाटेत दोनदा थांबावं लागायचं. गुडघ्यांचं दुखणं घेऊन चार्जिंगपाशी ताटकळून त्यांच्या पत्नी काशम्मा काकू कंटाळल्या आणि पुण्याच्या लेकीकडे जाणंच सुटलं. ईश्वरप्पा मोठ्या बॅटरीची वाट बघत होते. ती जुन्या सांगाड्यात बसत नाही, असं कंपनीनं शोरूमला केव्हाच कळवलं होतं. विरेश मात्र भेटेल तेव्हा म्हणायचा, "येईल काका, जरा थांबा."

ईश्वरप्पा चालत आले. कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती.

"काय बे विरेश, नारळाला शेंडी ठेवलीस का, का तीबी कंपनीनं कमी केली?"

लोक हसले. कापड निघालं, नारळ फुटला. ईश्वरप्पांनी नव्या बॉनेटवर टिचकी मारली आणि मान कलती केली. बराच वेळ तशीच ठेवली.

करकंबचा उदयसिंह नवी गाडी बघायला आईला घेऊन आला होता. त्याच्या आईनं, गोजरबाईंनी, गाडी सुरू करायला लावली आणि तोंडाला पदर लावला.

"आवाजच न्हाय की रं हिला. वस्तीवरच्या कुत्र्याला कसं कळायचं तू घरी आलास ते?"

"तू बसल्यावर कळंल की. तुझा आवाज हाय न्हवं."

शेठ सगळ्यात मोठ्यानं हसले. उदयसिंहाचं मन बसलं होतं, सही तेवढी बाकी होती. तो ईश्वरप्पांकडे वळला.

"मामा, तुमी हितलं जुनं गिऱ्हाईक म्हणं. उद्या हिच्यापरीस भारी बॅटरी आली, तर हिच्यातच बसवून देत्यात का?"

"हो हो, त्याचं काय..." शेठ पुढे झाले.

ईश्वरप्पा हाताला लागलेलं नारळाचं पाणी रुमालानं एकेका बोटावरून पुसत होते. "विरेशला विचारा," ते म्हणाले. "आम्ही त्यालाच विचारून घेतली होती."

विरेश चाकाखालच्या लिंबाकडे बघत राहिला.

"नाही बसत," तो म्हणाला. "बसेल म्हणून सांगितलं होतं. पण नाही बसत."

"सांगितलं हुतं? कुणाला?" उदयसिंहानं विचारलं.

गोजरबाईंनी लेकाच्या दंडाला धरलं. "चल. दसरा झाल्यावर बघू." शेठ हसतच होते, पण आता नुसत्या दातांनी.

या गडबडीत ईश्वरप्पा मागच्या दारानं बाहेर पडले. विरेश त्यांच्या मागे धावला. मागच्या गल्लीत, रिकाम्या खोक्यांच्या आडोशाला त्यांची गाडी उभी होती. मागच्या काचेवर 'काशम्मा' असं नाव. गाडी दिली त्या दिवशी विरेशनंच हौसेनं घालून दिलेलं.

गाडी दारात नको, असा फोन तर विरेशनं केलाच नव्हता.

"इथं का लावली, काका?"

"दारात कशाला? तुझी गिऱ्हाईकं मला गाठून विचारणार, किती जाती, कशी जाती. मी काय सांगायचं होतं?"

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"सर्व्हिसिंगच्या पोरांनी श्रावणातच सांगितलं." ईश्वरप्पा खिशात किल्ली चाचपत होते. "काशम्मा रोज विचारायची, विरेश काय म्हणाला? मी म्हणायचो, येईल म्हणाला. म्हटलं, तू एक दिवस येशील दुकानात. सांगशील."

"आज सांगितलं की, काका."

"त्याला सांगितलंस."

विरेशनं ओठ ओले केले. "जुन्यावर नवी द्यायची योजना आहे. मी शेठशी बोलतो. चांगला भाव काढून देतो, तुम्ही फक्त..."

ईश्वरप्पांनी अंगठा मागच्या काचेकडे वळवला. "आमच्या दुकानात पाटी कसली आहे?"

विरेशनं ती लहानपणापासून वाचली होती. नाव घातलेलं भांडं परत घेतलं जाणार नाही.

"मग," म्हणत ते आत बसले.

गल्ली अरुंद होती. विरेश सवयीनं मागे जाऊन उभा राहिला, हात वर करून म्हणू लागला, "येऊ द्या काका, येऊ द्या, अजून." गाडी दिली त्या दिवशीही त्यानं अशीच बाहेर काढून दिली होती. मागे घेतानाचे पांढरे दिवे लागले नाहीत. थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं, गाडी पुढच्या बाजूनं, आवाज न करता, केव्हाच कोपऱ्यावर पोचली होती.

हात तेवढा वरच राहिला होता.