गिधाडाचा विजय

मालकाला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, टक्केवारी मात्र कळायची. मोसमाच्या शेवटच्या रविवारी सकाळी त्याचा हुकूम आला: पुढच्या वर्षी एकच जुना रिलीफ पिचर, म्हणजे सामन्यात मधेच चेंडू फेकायला उतरणारा खेळाडू, ठेवायचा, विजयाची टक्केवारी ज्याची जास्त तो. बाकीचे केव्हाच मागे पडले होते. उरले कॉर्लिस टेड्रो आणि रुफिनो अल्मोन्ते. बेसबॉलमध्ये संघाचा प्रत्येक विजय आणि पराभव एकेका पिचरच्या नावावर लागतो. दोघांचेही सहा विजय, चार पराभव. साठ टक्के.

आकडे सारखे होते, विजय नव्हते. रुफिनो अडचणीच्या वेळी येऊन सामना सावरायचा. कॉर्लिस हातातली आघाडी घालवायचा, मग आपले फलंदाज जीव तोडून ती परत मिळवायचे आणि त्या घडीला पिचर म्हणून नाव त्याचं असल्यामुळे विजय त्याच्या पदरात पडायचा. अशा पिचरला सगळे गिधाड म्हणतात.

"काय गिधाडा, आज कुणाचं मढं?" रुफिनोने सरावाच्या वेळी विचारलं.

"तुझंच की रे."

दोघे हसले, पण ते हसू काही टिकलं नाही. क्लबने सोडलं तर रुफिनोला गाशा गुंडाळून मायदेशी, सान्तो दोमिंगोला परतावं लागणार होतं. कॉर्लिस छत्तिशीला आला होता आणि चेंडू फेकण्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं.

आठव्या डावात दोन बाद असताना कॉर्लिस मैदानात उतरला. संघ दोन धावांनी पुढे होता. त्याने वाकडेतिकडे चेंडू टाकून दोघांना फुकट पहिल्या तळावर जाऊ दिलं आणि तिसऱ्याने चेंडू कुंपणाबाहेर भिरकावला. तीन धावा गेल्या, आघाडीही गेली. चौथ्याचा फटका कुंपणाला पाठ टेकवून कुणीतरी झेलला, म्हणून सुटका झाली. मग फलंदाजांनी नेहमीसारखी लाज राखली, दोन धावा काढल्या. नवव्या डावात त्याच्या जागी आलेल्या रुफिनोने तिघांना सलग परत पाठवलं आणि सामना जिंकला.

नियमाने विजय कॉर्लिसचा. पण पिचरने थोडंच टाकलं आणि वाईट टाकलं, तर तो विजय पुढच्याला द्यायची मुभा स्कोअररला असते. स्कोअरर लव्हिनिया स्ट्राउड पूर्वी गावच्या शाळेत शिकवत. सगळे त्यांना बाईच म्हणत. विजय रुफिनोला द्या, एवढंच सांगायचं, असं स्वतःला बजावत कॉर्लिस वर त्यांच्या खोलीत गेला.

"बाई, आजचा विजय..."

"रुफिनोला दिला. मघाशीच."

कॉर्लिसचा सगळा मोठेपणा तिथल्या तिथे गळून पडला.

"असा कसा दिला? आठव्या डावातला शेवटचा माणूस मी बाद केला!"

"तू? कुंपणापर्यंत पळाला तो बिचारा पोरगा."

"नियमाने माझा आहे तो. बाई, माझ्या पोटावर पाय देताय तुम्ही!"

बाईंनी चष्मा काढला. "अजून कळवलेलं नाही मी. माझ्याकडे बघ आणि सांग, आज तू चांगलं टाकलंस. लगेच बदलते."

कॉर्लिसने तोंड उघडलं. खोटं अगदी जिभेवर आलं होतं. खाली रुफिनो खांद्याला बर्फ बांधून एकटाच बसलेला दिसत होता.

"वाईट टाकलं," तो म्हणाला. "आजच नाही, बाई. मोसमभर."

तो खाली आला तेव्हा रुफिनोने सामन्याचा चेंडू पुढे केला. तो विजयी पिचरला द्यायची रीत आहे.

"घे, गिधाडा. जिंकलास."

"तुझ्याकडेच ठेव. बाईंनी विजय तुला दिलाय."

रुफिनोने चेंडू मागे घेतला. "तू माझ्यासाठी गेला होतास वर?"

हो म्हणणं किती सोपं होतं! निघताना तर ते खरंही होतं.

"वर गेल्यावर स्वतःसाठीच भांडलो," कॉर्लिस म्हणाला.

रुफिनो चेंडू छातीशी धरून हमसाहमशी रडायला लागला. त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं कॉर्लिसला फार वाटलं, पण शरमेने हात उचलेना. बऱ्याच वेळाने रुफिनोच बाकावर जरा सरकला आणि त्याने कॉर्लिसला बसायला जागा केली.