सतरा किलोमीटरवरची गळती

कासारवाडी स्टेशनच्या मागच्या गल्लीत लालमहंमदचं आणि माझं फ्रीज-एसी दुरुस्तीचं दुकान आहे. पस्तीस वर्षं झाली. त्याची थोरली मुलगी उझ्मा पुण्यात एका सरकारी संस्थेत शास्त्रज्ञ आहे. ढग जिथे संपतात त्याच्याही वरची हवा ती मोजते.

मोजायची रीत तिने मला एकदा समजावली होती. खोलीएवढा फुगा, त्याखाली थर्माकोलचा डबा. डब्यात एक छोटा पंप बाहेरची हवा ओढतो आणि नळीने एका डबीतल्या रसायनाच्या पाण्यात सोडतो. हवेत ओझोन जितका जास्त, तितकी जास्त वीज त्या पाण्यात तयार होते. तो आकडा रेडिओवरून खाली येतो. फुगा वर जाऊन फुटतो, डबा पॅराशूटने कुठल्यातरी रानात पडतो. बरेचदा तो परत मिळत नाही.

ऑगस्टमधला शुक्रवार होता. लालमहंमद जुम्म्याची नमाज आटोपून नुकताच आला होता. तेवढ्यात उझ्मा एक डबा आणि लॅपटॉप घेऊन दुकानात शिरली. तीन फुगे सोडून झाले होते, चौथा सोमवारी जायचा होता. पंपाचा आवाज नीट आहे का, एवढंच तिला माझ्याकडून तपासून घ्यायचं होतं.

पंप ठीक होता. मग तिने लॅपटॉप उघडला. पडद्यावर एक रेघ खालून वर गेली होती. सतरा किलोमीटरपाशी ती आत दबली होती आणि पुढे परत बाहेर आली होती.

"तिन्ही फुग्यांना इथेच खड्डा आहे, काका. असायला हवा त्याच्यापेक्षा पाचवा हिस्सा ओझोन कमी. पावसाळ्यात खालचा धूर आणि गंधकाचे कण ढगांबरोबर वर चढतात आणि याच उंचीवर थर करून बसतात. कण मोजायचं यंत्र वेगळं आहे, त्यातही ते दिसलेत. मला वाटतं, तेच ओझोन खातायत. तीन आठवड्यांनी दिल्लीत शास्त्रज्ञांच्या सभेत मी हे मांडणार आहे."

"माझी पोरगी आभाळाचा पंचनामा करते, राव!" लालमहंमद म्हणाला आणि समोरच्या टपरीवर तीन चहा सांगितले.

मला मात्र बरं वाटलं नाही. आम्ही कितीतरी वर्षं फ्रीजमधला जुना गॅस वाऱ्यावर सोडून दिला. नळी कापायची, फुस्स झालं की नवा भरायचा. सगळेच तसं करायचे. पुढे कळलं की तो गॅस वर जाऊन ओझोन खातो. मग जगभर गॅस बदलले, आम्हीही प्रशिक्षण घेतलं आणि जुना गॅस टाकीत धरायला लागलो. वरचं आता हळूहळू भरून येतंय, असं उझ्माच सांगायची. आणि आता हा नवा खड्डा.

"तिथं गार किती असतंय गं?" मी विचारलं.

"उणे ऐंशीच्या आसपास. फुग्याच्या वाटेत सगळ्यात गार तिथेच. त्याच्या वर परत ऊब वाढत जाते."

माझा चहा हातातच राहिला. देहूरोडला एका बर्फाच्या कारखान्यात मी तरुणपणी काम केलं होतं. तिथला एक सांधा यंत्र बंद असताना तपासला की एकदम पक्का निघायचा. यंत्र चालू होऊन नळी गोठली की तोच गळायला लागायचा. तीनदा गॅस भरला, तीनदा गेला. रबर गारठ्यात दगड होतं आणि आखडतं, हे मी तिथे शिकलो.

आणि या डब्यातल्या सांध्याच्या रबरी रिंगा लालमहंमदने बसवल्या होत्या. जूनमध्ये उझ्माच्या संस्थेत चार डबे आले तेव्हा आतल्या रिंगा तडकलेल्या होत्या. नव्या परदेशातून यायला दोन महिने लागले असते, तोवर पावसाळा संपला असता. लालमहंमदने चाकणला गाड्यांच्या एसीचं काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून उत्तमातल्या उत्तम रिंगा आणल्या आणि स्वतःच्या हाताने बसवल्या. महिनाभर तो गल्लीत सांगत फिरला होता, की माझा माल आभाळात गेलाय.

बोलावं की नाही, चहा संपेपर्यंत ठरेना. बोललो तर या कामात घातलेली पोरीची चार वर्षं जातात आणि दोस्ताचा अभिमानही. नाही बोललो तर ती दिल्लीत जाऊन खोटं खरं म्हणून सांगणार, तेही नकळत.

"लाल, ती रिंग गारठ्यात तपासली व्हती का रं?"

"रिंग? माझी रिंग?" तो उठलाच. "अरे भावा, इंजिनाच्या शेजारी भट्टीत राहते ती रिंग. तिला काय होतंय?"

"भट्टीत राहती, तेच म्हंतोय. बर्फात राहती का?"

"तुला ना कोंडिबा, चांगलं बघवत नाही कुणाचं."

उझ्माने डबा उघडला आणि पंपातून डबीकडे जाणाऱ्या सांध्यावर बोट ठेवलं. सांधा डब्याच्या कडेला होता, बाहेरच्या थंडीला लागून. "इथून हवा निसटली तर डबीत कमी पोचेल," ती सावकाश म्हणाली. "आणि आकडा कमी येईल."

भोसरीहून कोरडा बर्फ आणला. आइस्क्रीमच्या गाड्यांत ठेवतात तो. पंप बर्फात ठेवायचा नाही, गार झाला की तोही मंदावतो, असं उझ्माने बजावलं. म्हणून फक्त सांधा बर्फात पुरला आणि नळीचं टोक पाण्याच्या ग्लासात सोडलं. आधी गरम असताना बुडबुडे मोजले होते. मिनिटाला ब्याण्णव. वीस मिनिटांनी परत मोजले. चौऱ्याहत्तर.

"परत मोज," लालमहंमद म्हणाला.

त्र्याहत्तर.

सांधा बाहेर काढून गरम होऊ दिला. ब्याण्णव. परत बर्फात घातला. चौऱ्याहत्तर. पाचवा हिस्सा गायब.

लालमहंमद स्टुलावर बसला. "मी केलं हे," तो म्हणाला. "पोरीचं वाटोळं मी केलं."

"तुम्ही रिंग दिलीत, अब्बा. तपासायचं काम माझं होतं. मी ती पंखा लावलेल्या खोलीत तपासली." मग ती फोन घेऊन दुकानाबाहेर गेली. शटरपाशी उभी राहून बोलत होती, ते आम्हाला ऐकू येत होतं. "सर, तिन्ही उड्डाणांचे ओझोनचे आकडे बाजूला ठेवा. नाही सर, खात्री आहे. हो, दिल्लीचंही मागे घेते. समजलं सर."

आत आली तेव्हा तिचे डोळे ओले होते. लालमहंमदने चपला घातल्या.

"कुठं निघाला?" मी विचारलं.

"दापोडीला. सॉफ्टी आइस्क्रीमच्या मशीनला सिलिकॉनची रिंग असते. गारठ्यातच जन्म काढते ती. मापाची मिळते का बघतो."

त्याने सात दुकानं पालथी घातली. आणलेल्या मापांपैकी तिसऱ्या मापाची रिंग बसली. बर्फात तासभर ठेवली. ब्याण्णव, एक्क्याण्णव, ब्याण्णव.

सोमवारी सकाळी पावसाने थोडी उघडीप दिली आणि फुगा गेला. आम्ही दोघं दुकानात होतो, पण एकाही फ्रीजला हात लागला नाही. दुपारी उझ्मा स्वतःच आली आणि लॅपटॉप काउंटरवर ठेवला. रेघ खालून वर गेली होती. सतरा किलोमीटरपाशी खड्डा नव्हता.

लालमहंमदने चष्मा पुसून परत पाहिलं. "म्हणजे सगळं गेलं तुझं?"

"माझं गेलं, अब्बा. वरचं शाबूत दिसतंय." ती हसली. शुक्रवारनंतर पहिल्यांदाच. "पण एका फुग्यावर आता मी काहीच म्हणणार नाही. कण वर आहेत हे खरंच आहे. ते ओझोनला धक्का लावतात की नाही, ते नीट मोजायचंय. सर आधी चिडले होते. मग त्यांनी दुसऱ्या दोन संस्थांना कळवलं. त्यांचे डबेही याच बनावटीचे आहेत आणि गारठ्यात कुणीच तपासलेले नाहीत. दिल्लीत मला अर्धा तास दिलाय, हा खड्डा कसा पडला ते सांगायला."

"माझं नाव घेऊ नकोस बाई तिथं."

"घेणार. चुकीची रिंग कुणी आणली तेही सांगणार आणि बरोबर कुणी शोधली तेही."

"बघ," मी म्हणालो, "दिल्लीपर्यंत बोंब गेली तुजी."

"तू गप रे," तो म्हणाला, पण हसू त्याला आवरलं नाही.

त्या गुरुवारी सप्टेंबरच्या फुग्यांचे चार नवे डबे दुकानात आले, बरोबर कोरड्या बर्फाची पेटी. दारात एक गिऱ्हाईक फ्रीज टेम्पोतून उतरवत होतं. लालमहंमदने बाहेर जाऊन त्याला सांगितलं, "तुमचा उद्या बघतो, राव. आज वरचं काम आहे."