कडूबाची दुमजली खाट

मित्रांनो, माझ्या पायांवरचा गंज पाहून नाक मुरडू नका. मी नव्या जालन्यातली जुनी लोखंडी खाट आहे आणि मीही चांगले दिवस पाहिले आहेत. १९८१ साली भुजंग वेल्डरने मला किशनलाल शेटजींच्या आईसाठी, लाडबाईंसाठी घडवलं. गुडघ्यांमुळे त्यांना जमिनीवरून उठवत नसे. निळा रंग, पांढरी नवार, भक्कम पाय. लाडबाई दोन गल्ल्यांना ऐकू जाईल असं घोरायच्या आणि माझा ऊर भरून यायचा.

पाच वर्षांनी लाडबाई वारल्या आणि मी गच्चीवर गेले. तिथे शेटजींच्या पत्नी चंदनबाई बारा वर्षं माझ्यावर पापड वाळवत होत्या. पापडांशी माझं भांडण नाही, पण त्यांच्या संगतीत करमत नव्हतं.

१९९८ मध्ये मोंढ्याच्या धान्यबाजाराजवळ एक घर सुरू झालं. मनाच्या आजारापायी ज्यांचं घर सुटलं, जी रस्त्यावर आली, अशा माणसांसाठी. जागा शेटजींची, कारभार पुष्पाबाईंचा. ज्याला त्याला स्वतंत्र खोली आणि खोलीची किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात. गोळ्यांची आठवण पुष्पाबाई करायच्या, भाकऱ्या मात्र पाळीपाळीने थापाव्या लागायच्या. चंदनबाईंनी मला तिथे धाडलं आणि माझ्या वाट्याला हसनाबादचा कडूबा आला. डोक्यात आवाज येतात म्हणून त्याचं गाव सुटलं होतं आणि चार वर्षं त्याने मोंढ्यातल्या हातगाड्यांखाली झोपून काढली होती. आता दवाखान्यात राहून आल्यापासून आवाज कमी झाले होते.

पहिल्याच दिवशी त्याने माझ्यावरची चादर नीट केली, सुरकुती काढली आणि सरळ माझ्याखाली जाऊन झोपला.

दुसऱ्या दिवशीही तेच. दोन महिने झाले तरी तेच. मला फार लागलं ते. ढेकूण असतील म्हणावं, तर होते जेमतेम चार. शेवटी शेजारच्या खोलीतले रामराव, जे आजारापूर्वी मास्तर होते, त्यांनी विचारलं, "कडूबा, वर झोपायला काय हरकत हाय?"

"लई उघडं वाटतं, मास्तर. गाडीखाली झोपल्यावर कोनी लाथ मारत न्हवतं. डोक्यावर कायतरी पायजे."

"छत हाय की वर."

"ते लई दूर हाय," कडूबा म्हणाला.

एके दुपारी शेटजी पाहणीला आले, तर खाट रिकामी आणि खालून दोन पाय बाहेर आलेले. ते पुष्पाबाईंना म्हणाले, "खाटेवर झोपत न्हाई म्हणजे हा अजून बराबर झाला न्हाई. पंधरा दिवस पाहा, न्हाई तं दवाखान्यात परत पाठवा आन् खोली दुसऱ्याला द्या."

"शेटजी, तो गोळ्या घेतो, भाकऱ्या करतो. कुठं झोपतो यानं काय बिघडतं?" पुष्पाबाई म्हणाल्या. शेटजी ऐकेनात.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन महिने मी हेच कुरकुरत होते ना? कडूबाने प्रयत्न केला. माझ्यावर आडवा व्हायचा, दोन्ही हातांनी माझी चौकट धरायचा, घामाने नवार भिजायची आणि मग तो खाली उतरायचा. मीच त्याची खोली घालवणार, या विचाराने मला रडू येत होतं.

बाराव्या दिवशी तो गोळी घेऊन, चहा पिऊन बाहेर पडला आणि भुजंग वेल्डरला घेऊन आला. व्हरांड्यात एक जास्तीची खाट पडली होती. कडूबा म्हणाला, "ही माझ्या खाटेवर बसवा."

"बसवतो. शिडी कोनत्या बाजूला पायजे?"

"शिडी नको. वर कोनी झोपायचं न्हाई."

"मंग खाट कशाला?"

"ते छत हाय."

भुजंगने डोकं खाजवत चार पाइप जोडले. कडूबा माझ्यावर पडला, हात वर करून त्याने वरची नवार चाचपली आणि थोड्याच वेळात घोरू लागला. मी हललेसुद्धा नाही.

पंधराव्या दिवशी शेटजी आले आणि दारातच थबकले. "हे काय?"

"तुमी म्हन्ले खाटेवर झोप. झोपून राह्यलो."

शेटजींनी वरची खाट हलवून पाहिली. तेवढ्यात पुष्पाबाईंनी वरण-बट्टी वाढली. सहा बट्ट्या पोटात गेल्यावर "पाहतो तं खरं" म्हणून शेटजी माझ्यावर आडवे झाले आणि त्यांचा डोळा लागला. कडूबा उंबऱ्यावर जाऊन बसला. रामराव बडबडत आले, तसा त्यांना म्हणाला, "हळू बोला, मास्तर. माझ्या घरी पाव्हणे झोपलेत."

शेटजी जागे झाले होते. त्यांनी ते ऐकलं. उठून त्यांनी टोपी घातली. दवाखान्याचं नाव काढलं नाही. दाराशी थांबून एवढंच विचारलं, "कडूबा, परत आलो तं चालंल ना?"

"या की. पन सांगून या."

मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. कोणाला घर दिलंत, तर त्यात झोपायचं कसं ते त्याला ठरवू द्या. आणि भेटायला जाल तेव्हा बाहेरूनच हाक मारा. दार त्याचं आहे, तो उघडेल.