जोडावरचा नारळ

उमरग्याच्या हायवेवर धनाजी उस्तादांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान वीस वर्षं चाललं. मग उस्तादांची नजर गेली, बारीक तार दिसेनाशी झाली. मुलगी दीपमाला सात वर्षं त्यांच्या हाताखाली राबलेली, पण गिऱ्हाईक दारात यायचं, तिला बघायचं आणि गाडी तशीच पुढं हाकायचं. बाईच्या हातानं करंट पळून जातो की काय, कोण जाणे! शेवटी उस्तादांनी दुकान एका टायरवाल्याला भाड्यानं द्यायचं ठरवलं. तो संध्याकाळी बोलणी पक्की करायला येणार होता.

त्याच दुपारी वीरप्पा पिकअप घेऊन आला. मागच्या ट्रॉलीत वीस मेंढरं, शेजारी बायको इरम्मा. रात्रभर गाडी हाकून दुसऱ्या सकाळच्या बाजाराला पोचायचं होतं.

"दोन मिस्त्री झाले, पोरी. दिवे बदलले, फ्यूज बदलला. पिकअपचं समदं झकास हाय, पण इंडिकेटर दिलं की ट्रॉलीचे सगळेच दिवे मिणमिणतेत."

"सगळी वायर बदल. दुसरा इलाज न्हाय," खाटेवरून उस्ताद म्हणाले.

"वायर चांगली वाटतीय, अप्पा."

दीपमाला बोलून गेली खरी, पण आता ते खरं करून दाखवायचं होतं. आज चुकली, तर उद्यापासून इथं टायर रचलेले दिसणार होते.

तिनं एक लांब तार घेतली. एक टोक पिकअपच्या बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं ट्रॉलीच्या उघड्या लोखंडाला लावलं. "काका, आता इंडिकेटर द्या." मागचा एकच दिवा लख्ख उघडझाप करू लागला, बाकीचे गप्प. म्हणजे करंट जायची वाट ठणठणीत होती, परत यायची वाट अडली होती. अर्थिंगच नव्हतं.

तार काढून तिनं पिकअप आणि ट्रॉलीच्या वायरी जोडणारा सॉकेट उघडला. आत हळदीकुंकवाचा थर, आणि अर्थिंगची पिन हिरव्या गंजानं बुजलेली. पूजेचं कुंकू दिसल्यावर दोन्ही मिस्त्र्यांनी हात जोडून झाकण लावलं असणार! तिनं वास घेतला, तर आंबलेल्या नारळपाण्याचा.

"मावशी, हितं नारळ फोडता व्हय?"

"मग! एकदा ट्रॉली निसटली होती. तवापास्नं दर अमावस्येला जोडावरच फोडते. जोड धरून ऱ्हावा म्हणून," इरम्मा म्हणाली.

वीरप्पानं कपाळावर हात मारला. दीपमालानं ओठ चावून हसू दाबलं, सॉकेट धुऊन सुकवला, जुनी पिन काढून नवी बसवली, ग्रीस भरलं आणि झाकण घट्ट लावलं.

"आता काय करू, देवाला सोडून देऊ?" इरम्मा घाबरली.

"सोडता कशाला? टायरपुढं फोडा. देव तिथंबी हाय."

वीरप्पानं इंडिकेटर दिलं, ब्रेक दाबला. प्रत्येक दिवा आपापल्या वेळेला, भर उन्हातही डोळ्यात भरेल असा लागला. वीरप्पा ओरडला, "जमलं की!"

उस्ताद चाचपडत आले. बंद झाकणावरून बोटं फिरवत म्हणाले, "म्या वायर बदलली असती, अन् रोग हितंच राहिला असता. लई चुकलो असतो." मग तिथंच उभं राहून त्यांनी तिला टायरवाल्याचा नंबर लावायला सांगितला.

"येऊ नका साहेब. दुकान द्यायचं न्हाय. आमची मिस्त्री कामात हाय."