केसची पहिली ओळ

रमोनाने फोन ग्लेनच्या पुढ्यात सरकवला. डीनसाहेबांना लिहिलेलं चार ओळींचं पत्र होतं: विभागप्रमुखपदाच्या निवडीतून मी माझं नाव मागे घेत आहे. मुदत दुपारी बारापर्यंत होती आणि सव्वाअकरा वाजून गेले होते.

"एवढं नजरेखालून घाला. पाठवून मोकळी होते."

ग्लेनने वाचलं आणि फोन परत केला. चाळीस वर्षं लहान मुलांना तपासून निवृत्त झालेला हा माणूस आता डॉक्टरांचा कोच होता. रुग्णालयानेच त्याला नेमलं होतं, डॉक्टरांना बढत्या आणि जबाबदाऱ्या पेलायला मदत करायला. मदत म्हणजे काय, तर नुसते प्रश्न! तीन महिन्यांत या गृहस्थाने एकदाही सल्ला दिला नव्हता, आणि तरी आपण दर मंगळवारी इथे का येतो, याचं रमोनाला भारी नवल वाटे.

"राउंडवर सांगतात तशी सांग बघू ही केस," तो म्हणाला. "रुग्ण तूच."

"काहीतरीच तुमचं!"

पण तिने हसतहसत सुरुवात केलीच. "बावन्न वर्षांची स्त्री. किडनीची डॉक्टर. क्लीव्हलंडमध्ये एकोणीस वर्षं नोकरी. मुलं कॉलेजात. झोप पाच तास. मीटिंगा सोसत नाहीत. दुसरा उमेदवार लायक, शिवाय जुना मित्र. उपचार: माघार."

"माझ्या हाताखाली असतीस तर तुला परत पाठवलं असतं."

"का? काय राहिलं?"

"तू तुझ्या शिकाऊ डॉक्टरांना कशावरून झापतेस?"

रमोनाचे कान तापले. सगळ्यात आधी रुग्णाची तक्रार, तीही त्याच्याच शब्दांत. ती गाळली म्हणून गेल्याच आठवड्यात तिने एकाची सर्वांदेखत हजेरी घेतली होती.

"मग? काय म्हणते रुग्ण?"

खरंच, काय म्हणते ती? नवऱ्याला, मित्राला, खुद्द डीनसाहेबांनाही तिने 'मला कुठे हवंय ते पद!' असं इतक्यांदा ऐकवलं होतं, की पुन्हा कुणी विचारलंच नव्हतं.

"म्हणते..." तिचा आवाज बारीक झाला. "म्हणते, मला हवंय ते. फार हवंय. आणि नाही मिळालं, तर हवं होतं हे सगळ्यांना कळेल."

ग्लेनने कागद ओढून तिचे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले.

"आणि हा त्रास कधीपासून?"

"नऊ वर्षं," रमोना म्हणाली.